रात्री कुठे न्यायचं, मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी की जवळचं क्लिनिक?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. सासूबाई ७२ वर्षांच्या, शुगर आहे, रात्री साडेअकराला वरच्या पोटात दुखायला लागलं, घाम फुटला, एक उलटी झाली, तुम्ही त्यांना मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलंत, तिथे ईसीजी, रक्त, सोनोग्राफी, मग रात्रभर ॲडमिट, सकाळी भलंमोठं बिल आणि निघालं काय तर ॲसिडिटी. आता दीर म्हणतायत कॉलनीतल्या डॉक्टरांना उठवलं असतं तर एका इंजेक्शनात काम झालं असतं, आणि डॅलसची मुलगी म्हणते आमच्याकडे अशा वेळी अर्जंट केअरला (अपॉइंटमेंटशिवाय जायच्या क्लिनिकला) जातात, इंदूरला तसं काही का नाही. तुम्ही विचारलंय की आमचं चुकलं का. नाही चुकलं. कॅज्युअल्टीत नेलंत ते बरोबरच केलंत, आणि पुन्हा तसंच झालं तर पुन्हा न्या, दिरांना हे वाचायला द्या पाहिजे तर.

मी आधी बरीच वर्षं कॅज्युअल्टीत ड्यूटी केली आणि आता राजेंद्र नगर भागात स्वतःचं क्लिनिक चालवते, त्यामुळे दोन्ही बाजू माहिती आहेत. साठीच्या पुढचं माणूस, त्यात शुगर, त्यात वरच्या पोटात दुखणं आणि घाम, एवढं एकत्र ऐकलं की माझ्या डोक्यात ॲसिडिटी सगळ्यात शेवटी येते. कारण बरीच वर्षं शुगर असली की नसा बधिर होतात आणि हार्ट ॲटॅकची ती छातीतली कळ, डावा हात दुखणं वगैरे येईलच असं नसतं, बायकांमध्ये तर अजूनच, नुसती मळमळ, दम लागणं, गळून जाणं, पोटात कसंतरी होणं, बस एवढंच. आणि हे पोटावर हात ठेवून कोणालाच कळत नाही, मलाही नाही कळत. त्याला ईसीजीच लागतो, आणि तो पेशंट दारातून आत आल्यावर १० मिनिटांत निघाला पाहिजे असा नियम आहे. पहिला ईसीजी चांगला आला तरी विषय संपत नाही, ट्रोपोनिन नावाची रक्ताची टेस्ट असते ती सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकते म्हणून काही तासांनी परत करतात, तुमची ती रात्र बहुतेक त्यातच गेली असणार. कॉलनीतल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं असतं, थोडं बरं वाटलं असतं, सगळे झोपले असते. आणि हार्ट ॲटॅक असता तर त्या झोपेतच हृदयाचा स्नायू गेला असता. ॲसिडिटी होती हे तुम्हाला सकाळी कळलं, रात्री साडेअकराला ते कळायचा काही रस्ताच नव्हता.

माझी कसोटी एकच आहे आणि ती मी माझ्या सगळ्या पेशंटना सांगते. किती दुखतंय ते सोडा, सकाळपर्यंत थांबलो तर काय जाईल ते बघा. दुखणं हे फार वाईट मोजमाप आहे हो. दाढ ठणकते तेव्हा माणूस भिंतीवर डोकं आपटतो पण सकाळपर्यंत काही जात नाही. किडनी स्टोनची कळ तर बाळंतपणासारखी म्हणतात, पण ताप नसेल आणि लघवी होत असेल तर जवळच्या नर्सिंग होममध्ये दुखायचं इंजेक्शन घेऊन रात्र निघते, सोनोग्राफी दुसऱ्या दिवशी करा (तोच स्टोन थंडी वाजून ताप घेऊन आला तर मात्र सरळ मोठं हॉस्पिटल, कारण मग वर अडकलेल्या लघवीत इन्फेक्शन असतं आणि ते काही तासांत रक्तात पसरतं). याच्या उलट पॅरालिसिसचा झटका बहुतेक वेळा अजिबात दुखत नाही. मण्यार साप चावला तर कित्येकदा दुखत नाही आणि खूणही दिसत नाही, माणूस जमिनीवर झोपलेला असतो, पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतो, पापण्या जड होतात, बोलणं घोगरं होतं, आणि घरचे समजतात रात्रीचं जेवण बाधलं. आपल्याकडे महू, सिमरोल, मानपूर या बाजूला पावसाळ्यात असे पेशंट येतात. तिथे दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, अंग हलू द्यायचं नाही आणि सरळ मोठ्या सरकारी हॉस्पिटलला.

झटक्याबद्दल थोडं जास्त बोलते, कारण इथे लोक वेळ फार घालवतात. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात वर ठेवता येत नाही, बोलणं अडखळतंय किंवा भलतंच बोलतायत, अचानक तोल गेला, यातलं एक जरी असलं तरी घड्याळ बघायचं. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे साडेचार तास तुम्ही बघितल्यापासून नाही मोजत, माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. म्हणजे आजोबा दहाला चांगले झोपले आणि चारला उठले तेव्हा हात लुळा, तर आमच्या हिशोबात दहा वाजल्यापासून. तरी न्यायचंच, आता काही पेशंटना उशिरासुद्धा तार घालून गुठळी काढता येते. पण इंजेक्शन द्यायच्या आधी सीटी स्कॅन लागतो, कारण झटका गुठळीने आलाय की रक्तस्रावाने हे त्याशिवाय कळत नाही. म्हणून जवळच्या, ओळखीच्या पण सीटी नसलेल्या नर्सिंग होममध्ये आधी नेऊन सलाइन लावून घेणं म्हणजे तास दोन तास गेलेच समजा. अशा वेळी तोंडात पाणी, चहा, गोळी काहीही घालायचं नाही, गिळता येत नसलं तर ते फुफ्फुसात जातं.

दुसरी गोष्ट शुगर कमी होण्याची, तुमच्या घरात शुगर आहे म्हणून सांगते. घाम, थरथर, चिडचिड, बरळणं असं दिसलं की ग्लुकोमीटर लावा, ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी परत बघा, वर आली की काहीतरी पोटभर खायला द्या. इन्सुलिन घेतल्यावर एखादं जेवण टळल्याने झालं असेल तर बहुतेकदा घरीच निभतं. पण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील ना, आणि वय जास्त असेल किंवा किडनी थोडी कमजोर असेल, तर साखरेने वर आलेली शुगर तीन-चार तासांनी परत खाली जाते, कारण गोळीचा असर दिवसभर राहतो. अशा पेशंटला बरं वाटलं तरी हॉस्पिटलात ठेवावं लागतं. आता सासूबाईंच्या डब्यात कोणती गोळी आहे ते आज बघून ठेवा. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरेचं पाणी ओतायचं नाही, १०८ ला फोन.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येते. तिकडे अर्जंट केअर म्हणजे अपॉइंटमेंटशिवाय जायचं क्लिनिक, एक्स-रे असतो, टाके घालतात, रक्त-लघवी तपासतात, संध्याकाळी उशिरापर्यंत आणि शनिवार-रविवारी उघडं असतं पण बहुतेक ठिकाणी रात्रभर नसतं. आपल्याकडे हे सगळं आहे, फक्त एका छताखाली नाही. फॅमिली डॉक्टर एका गल्लीत, एक्स-रे दुसऱ्या चौकात, पॅथॉलॉजी तिसरीकडे, टाके घालणारं नर्सिंग होम चौथीकडे. दिवसा वॉर्डातल्या सरकारी संजीवनी क्लिनिकला गेलात तर डॉक्टर, गोळ्या, साध्या तपासण्या फुकट होतात आणि सर्दी-खोकला, साधा ताप, बीपी-शुगरच्या गोळ्या यासाठी ते अगदी पुरतं, आपली मराठी घरं तिकडे जायला उगाच संकोच करतात असं मला वाटतं. प्रश्न रात्रीचा आहे. म्हणून एक काम रिकाम्या वेळात करून ठेवा, सुदामा नगर असो की तिलक नगर, तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर जी दोन-तीन नर्सिंग होम आहेत तिथे जाऊन विचारा की रात्री आरएमओ (तिथेच थांबणारा ड्यूटी डॉक्टर) असतो का, ईसीजी निघतो का, टाके घालता का, एक्स-रे रात्री होतो का, ऑक्सिजन आहे का. नुसता बोर्डावर २४ तास लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, काही ठिकाणी रात्री फक्त सिस्टर आणि एक वॉर्डबॉय असतो. आणि मोठ्या हॉस्पिटलांपैकी कुठे सीटी आणि कॅथलॅब (तार घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या उघडतात ती खोली) रात्रीसुद्धा चालू असते तेही विचारून फ्रिजवर चिकटवून ठेवा. ही तुमची अर्जंट केअर.

मग तिथे न्यायचं काय काय? आता बघा, जुलाब-उलट्या झाल्या पण ओआरएस पोटात राहतंय, लघवी होतेय, तर घरी किंवा क्लिनिक. सहा-आठ तासांत लघवीच नाही, मूल मलूल पडलंय, रडताना अश्रू नाहीत, रक्त पडतंय, तर हॉस्पिटल. लहान मुलांच्या तापात लोक आकड्याला घाबरतात, १०३ म्हटलं की धावतात, पण मी आकड्यापेक्षा वय आणि मूल कसं दिसतंय ते बघते. पॅरासिटामॉलने ताप उतरल्यावर खेळतंय, पाणी पितंय, तर सकाळी क्लिनिकला आणा. पण तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर १००.४ सुद्धा पुरे आहे, रात्रीच न्यायचं, त्या वयात इन्फेक्शन लपून बसतं आणि बाळ सांगू शकत नाही. डेंग्यूच्या दिवसांत आणखी एक, ताप उतरला म्हणून निश्चिंत होऊ नका, तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतानाच खरा धोका असतो, त्या वेळी पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, असं दिसलं तर न्या. आणि तापात मेडिकलवाल्याकडून ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम घेऊ नका, नुसतं पॅरासिटामॉल.

बीपीसाठी रात्री धावत येणारे तर फार. घरी मशीन आहे, झोप येत नाही म्हणून मोजलं, १७०-१८० आलं, घाबरून परत मोजलं, १९०, मग सगळं घर उठलं. छातीत दुखत नाही, दम नाही, नजर धूसर नाही, हातपाय बोलणं ठीक आहे, डोकं फार जोरात दुखत नाही, तर खुर्चीत पाठ टेकून पाच-दहा मिनिटं बसवा, बोलू नका, परत मोजा, राहिलेली गोळी असेल तर ती द्या आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्या वेळी जिभेखाली बीपीची कॅप्सूल फोडून ठेवायची जुनी पद्धत अजूनही काही घरांत आहे, ती कृपा करून बंद करा, बीपी एकदम कोसळतं आणि त्यानेच झटका येऊ शकतो. वर सांगितलेल्यातलं एक जरी लक्षण असेल तर मात्र बीपीचा आकडा बघत बसू नका, निघा.

जखमांचं तुमच्या मुलाच्या निमित्ताने सांगते, तुम्ही लिहिलंय की त्याची हनुवटी फाटली तेव्हा रात्र होती म्हणून हळद भरून सकाळी नेलं. स्वच्छ वाहत्या पाण्याने धुऊन, कापड दाबून रक्त थांबवून, त्याच रात्री नर्सिंग होममध्ये टाके घातले असते तर जास्त बरं, सहा-आठ तासांत टाके घातलेले चांगले जुळतात, चेहऱ्याला रक्तपुरवठा जास्त म्हणून तिथे थोडी जास्त मुभा मिळते, पण हळद, कॉफी, टूथपेस्ट भरलेली जखम आम्हाला आधी घासून साफ करावी लागते आणि मुलाला त्याचाच जास्त त्रास होतो. टिटॅनसचं इंजेक्शन त्यासाठी रात्रीच धावपळ करायची गरज नाही, दुसऱ्या दिवशी चालतं. दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नाही, बोटं हलत नाहीत किंवा बधिर आहेत, संक्रांतीला मांज्याने गळा कापला, तर क्लिनिक नको, मोठं हॉस्पिटल. भाजलं तर २० मिनिटं नळाच्या पाण्याखाली, बर्फ नाही. रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) डोळ्यात रंग गेला तर आधी १५-२० मिनिटं पाण्याने धुवा आणि मग डॉक्टर शोधा, उलट करू नका, धुण्यातच अर्धा इलाज आहे.

कुत्रं चावलं तर साबण लावून १५ मिनिटं घड्याळ लावून धुवायचं, पट्टी बांधायची नाही, आणि त्याच दिवशी लस सुरू. आपल्याकडे हुकुमचंद पॉलिक्लिनिक म्हणजे लाल अस्पतालमध्ये लस फुकट मिळते हे बहुतेकांना माहिती आहे. पण रक्त आलं असेल, चेहऱ्याला, मानेला, बोटांना चावलं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं, लशीने ताकद यायला दिवस लागतात आणि मधल्या काळात हेच राखतं. ते कुठे मिळेल ते फोन करून विचारून निघा, एम.वाय. (महाराजा यशवंतराव) सारख्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला चौकशी करा. यात दुखणं काही नसतं, खरचटल्यासारखं दिसतं, आणि रेबीज एकदा झाला की इलाज नाही. सकाळपर्यंत काय जाईल याचं याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

म्हातारं माणूस पडलं आणि डोक्याला लागलं तर ते रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात का हे आधी बघा, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, एपिक्साबॅन वगैरे. घेत असतील तर टेंगूळसुद्धा नसलं, हसत बोलत असले तरी सीटी असलेल्या ठिकाणी न्या, डोक्यात हळूहळू रक्त साचतं आणि पहिले काही तास माणूस अगदी ठणठणीत वाटतो. मुलांचं म्हणाल तर पडल्यावर लगेच रडलं, नंतर खेळायला लागलं तर घरी लक्ष ठेवा, परत परत उलटी, गुंगी, फिट, कानातून नाकातून पाणी, यात न्या.

पैशांचं. तुमचा क्लेम का आला नाही ते विचारलंय. बहुतेक मेडिक्लेममध्ये ठरावीक डे-केअर (त्याच दिवशी घरी सोडतात असे उपचार) सोडून कमीत कमी २४ तास ॲडमिट असावं लागतं, तुमची तर एकच रात्र झाली, आणि कॅज्युअल्टीत तपासून घरी सोडलं तर ते ओपीडीत धरतात. त्यामुळे काही घरवालेच म्हणतात डॉक्टर ॲडमिटच करा, क्लेम तरी होईल, आणि मग गरज नसलेल्या तपासण्या, गरज नसलेलं सलाइन, वरून हॉस्पिटलचं इन्फेक्शन. असं करू नका. ड्यूटी डॉक्टरांना सरळ विचारा, ॲडमिट करायचं कारण काय, ऑब्झर्वेशनमध्ये काही तास ठेवून दुसरा ट्रोपोनिन बघून सोडता येईल का, चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. सासूबाई ७० च्या वर आहेत म्हणजे आयुष्मान या सरकारी आरोग्य योजनेचं वय वंदना कार्ड काढून ठेवा, २०२४ पासून ७० च्या वरच्यांना उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण तेही भरती झाल्यावरच, आणि योजनेत असलेल्या हॉस्पिटलातच. डिपॉझिट नाही म्हणून इमर्जन्सीत पहिला उपचार अडवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये परमानंद कटारा केसमध्ये सांगितलंय की जीव वाचवणं आधी, पोलिसांची कागदपत्रं नंतर. रस्त्यावरच्या अपघातात मदत केली म्हणून तुम्हाला कोणी अडकवू शकत नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये ते आलंय, आणि २०२५ पासून अपघातात जखमी झालेल्याला ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस उपचार नेमलेल्या हॉस्पिटलात मिळतो.

कॅज्युअल्टीत गेल्यावर आम्ही आधी आलो, त्यांना का घेतलं यावरून फार भांडणं होतात. तिथे नंबर येण्याच्या वेळेवर नसतो, लाल, पिवळा, हिरवा असा असतो, आणि तुम्हाला थांबवलंय म्हणजे तुमचा पेशंट त्या क्षणी बाकीच्यांपेक्षा बरा आहे. पण थांबलेले असताना घाम आला, दम वाढला, बोलणं बदललं तर उठून सिस्टरला सांगा, संकोच नको. निघताना गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाकून न्या, मागचा ईसीजी असला तर त्याचा फोटो मोबाइलमध्ये, आधीच्या ईसीजीशी जुळवून बघता आलं तर आमचा निर्णय निम्म्या वेळात होतो.

तुम्ही दोघं उन्हाळ्यात डॅलसला जाताय म्हणून शेवटी तिथलं. तिकडे इमर्जन्सी रूमला १९८६ च्या कायद्याने प्रत्येकाला तपासून स्थिर करावंच लागतं, पैसे असोत नसोत, पण बिल नंतर घरी येतं आणि ते अर्जंट केअरच्या कितीतरी पट असतं. अर्जंट केअरवाले छातीत दुखतंय म्हटलं की स्वतःच ९११ ला फोन करून इमर्जन्सीला पाठवतात, तिथे वेळ घालवू नका. टेक्सासमध्ये दुकानांच्या रांगेत छोट्या, एकेकट्या इमर्जन्सी रूम असतात, बाहेरून अगदी अर्जंट केअरसारख्या दिसतात, आत वाट बघावी लागत नाही, आणि बिल पूर्ण इमर्जन्सीचं लागतं, म्हणून बोर्ड नीट वाचा, इमर्जन्सी शब्द असला तर दुखरा घसा घेऊन आत जाऊ नका. इन्शुरन्स इथूनच घ्या किंवा मुलगी तिकडून काढेल, पण जुना आजार अचानक बळावला तर त्यात काय काय धरतात ते लिहून मागा, आणि तुमच्या दोघांच्या सगळ्या गोळ्यांमधल्या औषधांची (जेनेरिक) नावं डॉक्टरांच्या सहीच्या पर्चीवर न्या, आपल्या कंपन्यांची नावं तिकडे कोणाला कळत नाहीत.